वसंत: सोमवारी, सहा वाजता

झुरिकला घराची किल्ली मिळाली, तेव्हा घरमालकाने सोबत एक तक्ता हातात ठेवला. मला वाटलं, जवळपासच्या डॉक्टरांचे नंबर असतील. तो धुण्याचा तक्ता होता. तळघरात सगळ्या इमारतीत मिळून एक वॉशिंग मशीन, आणि आमच्या वाट्याला एकाआड एक बुधवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात. बुधवार हुकला की पंधरा दिवस अत्तरावर काढायचे.

सांगलीत माझा जन्म गेला. तिथे कपडे भिजवायच्या आधी नळाला पाणी आलंय का, एवढंच बघतात. इथे पाणी चोवीस तास, फक्त वार आपला असावा लागतो. पहिल्या बुधवारी मी धुणं उरकलं आणि शीळ घालत वर आलो. दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी. मोबाइलला दाखवली तेव्हा अर्थ लागला: ड्रायरच्या जाळीतली कापसाची लव काढलेली नाही, मशीनच्या दाराचं रबर पुसलेलं नाही. खाली 'स्नेहपूर्वक नमस्कार'. इतक्या आदबीने मला आजवर कुणी झापलं नव्हतं.

चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या आजींची होती. सत्तरीच्या पुढच्या, काठीसारख्या ताठ. जिन्यात भेटल्या की 'ग्रुएत्सी' म्हणायचं. नाही म्हटलं तर त्या थांबून वाट बघतात. बाकीचं शिक्षणही त्यांच्याकडेच झालं. कचरा त्स्युरीसाक नावाच्या पांढऱ्या पिशवीतच टाकायचा; पिशवीच्या किमतीतच कचरा उचलण्याचा आकार असतो, त्यामुळे आमच्या घरी केळ्याची सालंसुद्धा दाबून, घडी घालून जातात. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या, आणि रविवारी अजिबात नाही, खळ्ळकन आवाज होतो. रद्दी सुतळीने चौफुली बांधून ठरल्या दिवशी रस्त्यावर. मी जाणाऱ्या गाडीकडे आशेने बघत उभा राहिलो. तागडी काही निघाली नाही.

मार्च संपत आला, घड्याळं एक तास पुढे सरकली आणि आजी थोड्या सैल झाल्या. म्हणाल्या, चला, उएटलीबर्गला जाऊ. ही झुरिकची टेकडी. चढण सुरू झाली आणि अर्ध्या वाटेत बायको थबकली. "कुणीतरी फोडणी घातलीय." आसपास घर नव्हतं, चूल नव्हती, नुसतं बीचचं जंगल, आणि अख्ख्या जंगलाला लसणाचा वास! खाली बघितलं तर हिरव्यागार पानांची सतरंजी. बेअरलाउख. म्हणजे अस्वलाचा लसूण. थंडी सरली की तो उगवतो आणि सगळं शहर पिशव्या घेऊन धावतं.

आजींनी वाकून एक पान चोळलं, माझ्या नाकाशी धरलं. अगदी तश्शाच दिसणाऱ्या दोन वनस्पती विषारी आहेत, त्यामुळे पान चोळून वास घ्यायचा, लसूण आला तर खुडायचं. मी चोळलं, हुंगलं, खुडलं. दहाव्या पानाला लक्षात आलं की आता माझ्या बोटांनाच लसणाचा वास येतोय आणि मी बूट चोळला तरी तो खाण्यालायक ठरेल. हे आजींना सांगितलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणून बघूनही घ्यायचं. एका देठाला एकच पान." हे आधी सांगायला काय हरकत होती? घरी येऊन सगळी पिशवी पुन्हा निवडली. मग शेंगदाणे घालून वाटलेली चटणी भाकरीबरोबर अशी काही लागली की आम्ही दोन दिवस कुणाशी जवळून बोललो नाही.

9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. वेळू मिळाला नाही, पोछ्याची काठी घेतली. बायकोने लग्नातलं पैठणीचं रेशमी वस्त्र चुण्या पाडून बांधलं, तांब्या पालथा घातला, सांगलीहून आणलेली गाठी अडकवली. कडुनिंब मात्र कुठून आणायचा? हिरवी डहाळी हवी म्हणून उरलेला बेअरलाउख बांधला. व्हिडिओवर आईने विचारलं, "हा कसला पाला?" बायको म्हणाली, "लसणाचा." पलीकडे बराच वेळ नेटवर्क गेल्यासारखी शांतता होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आजी, हातात तक्ता.

"बाल्कनीत कपडा वाळतोय," त्या म्हणाल्या. "आज मंगळवार. तुमचा बुधवार."

माझं जर्मन पहिल्या पायरीचं. 'हा आमचा वसंत आहे' एवढंच जमलं. आजींनी वर बघितलं. पोछा, तांब्या, साडी, लसूण. "अच्छा," असं काहीसं म्हणाल्या, आणि पुढे अगदी समजूत घालावी तसं: "आमचा वसंत सोमवारी आहे. सहा वाजता."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण खरंच होतं. झेक्सेलॉयटन, म्हणजे सहाची घंटा. पूर्वी उन्हाळ्याच्या दिवसांत कामाची सुट्टी संध्याकाळी सहाच्या घंटेने व्हायची, त्याचा हा सण. एप्रिलमधल्या एका सोमवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी, कारागिरांच्या जुन्या संघांची मिरवणूक, नावाड्यांचा संघ तर गर्दीत चक्क मासे फेकतो. आणि सहाच्या ठोक्याला लाकडांच्या भल्या उंच रचलेल्या ढिगाला आग. वर हिवाळ्याचा पुतळा, ब्योग. पांढराशुभ्र बर्फमाणूस, पोटात लाकडाचा कीस, डोक्यात दारू. म्हणजे फटाक्यांची. डोकं जितक्या लवकर उडेल तितका उन्हाळा चांगला.

"ही तर होळी!" मी ओरडलो.

"2003 साली पाच मिनिटं बेचाळीस सेकंद," आजी म्हणाल्या. त्या वर्षीचा युरोपातला उन्हाळा प्रसिद्धच आहे. "आणि गेल्या वर्षी सत्तावन्न मिनिटं." हे त्यांनी एखाद्या नातेवाइकाचा आजार सांगावा तसं सांगितलं.

15 तारखेला आम्ही दीड तास आधी सरोवराजवळच्या मैदानात. घोडेस्वार, बँड, टोप्या, फुलं. आजींच्या पिशवीत कच्चे सॉसेज आणि लांब दांड्याचं फावडं, कारण नंतर त्या निखाऱ्यांवर ते भाजून खायचे असतात. मीही नारळ आणला होता. होळीत टाकतात म्हणून. वारा मात्र असा सुटला होता की माझी टोपी दोन रांगा पुढे गेली. आणि जाहीर झालं: वाऱ्यामुळे धोका आहे, ब्योग पेटणार नाही.

मी होळीबद्दल एवढंच जाणतो की ती पेटते. ओली लाकडं असोत, पोलीस असोत, शेजारी ओरडोत. आणि इथे, ज्या देशात धुण्यालाही वार आहे, तिथे वसंत पुढे ढकलला! मी हसणार होतो, पण आजींकडे बघितलं. फावडं दोन्ही हातांनी धरून त्या वर बघत होत्या, आणि हिवाळा ढिगावर आरामात उभा राहून सगळ्या झुरिककडे बघत होता.

पुढच्या काही दिवसांत गारठा खरोखरच परतला, बर्फाचे कणही उडाले. आजींनी लोकरीचा कोट आत ठेवलाच नाही. मे महिन्यात शेजारी उघड्या दंडांनी सायकल चालवत असताना आजी कोट घालून रद्दी बांधत होत्या. मी नारळ फ्रीजमध्ये ठेवला होता. शेवटी त्याची बर्फी झाली.

22 जूनला तो ब्योग दुसऱ्या कँटनमध्ये, अपेन्झेलच्या हाइडन गावी जाळला. आम्ही आजींच्या घरी बसून बघितलं. डोकं उडायला अर्ध्या तासाच्या आसपास लागलं. आजींनी तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त कोट खुंटीवरून काढून मांडीवर घेतला.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आजी, हातावर कोट, वर दोन लोकरी पांघरुणं.

"तुमचा येत्या आठवड्यातला बुधवार," त्या खाली बघत म्हणाल्या, "दुपारपर्यंत मला द्याल का?" आणि मी काही बोलायच्या आत: "जाळी मी साफ करीन."