आठ मीटरवरचा माणूस

गाडीबरोबर आलेले हेडलाइट उतरवून त्यांच्या जागी वळणाबरोबर वळणारे आणि गाडीच्या झुकावाप्रमाणे झोत वर-खाली करणारे दिवे बसवले, की ते जुळवावे लागतात. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात या कामाला ‘फोकस सेट करणे’ म्हणतात. काम अंधार पडल्यावर, घरच्या अंगणात करायचे असते. त्याला दोन माणसे लागतात आणि त्यांतला एकच हजर असतो. दुसरा कोण, ते पुढे येईल.

अशा दिव्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: स्टिअरिंग किती वळले, गाडी मागून किती दबली आणि समोर कोणी आहे का. पहिल्या दोन गोष्टी सेन्सर सांगतात, तिसरी काचेमागचा कॅमेरा. कल्पना नवी नाही. १९४८ च्या टकर गाडीला मधोमध तिसरा दिवा होता आणि तो स्टिअरिंगबरोबर वळत असे. १९६७ मध्ये सिट्रोएन डीएसचे दिवे वळू लागले. समोरच्याला तेवढे वगळून बाकी रस्ता उजळणारा झोत अमेरिकेने २०२२ मध्ये मंजूर केला. आमच्या तालुक्यात मंजुरीसाठी थांबण्याची पद्धत नाही. मात्र नंतर बसवलेल्या स्वस्त संचात कॅमेरा बहुधा नसतो. म्हणजे दिव्याला वळण कळते, डिकीतली पोती कळतात, समोरचा माणूस कळत नाही.

कायद्याला मात्र हा माणूस चांगला ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ ने त्याची जागा आखून दिली आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. त्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली असावा. अप्पर मारण्याची मुभा आहे, पण मग डिपर चालकाच्या हाताशी हवा. या माणसाला नाव नाही, गाव नाही, रेशनकार्ड नाही. देशातल्या प्रत्येक गाडीपुढे तो तेव्हापासून उभा आहे. तो बसत नाही, वाकत नाही, बाजूला सरत नाही.

जुळणीची पहिली पायरी जमीन. चाकांत हवा पुरेशी, टाकी अर्धी भरलेली, चालकाच्या जागी ७५ किलोचा माणूस किंवा तेवढ्या वजनाचे पोते, आणि गाडी सपाट जागी हवी. पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहता येते. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जूनमध्ये सपाट असलेले अंगण मार्चमध्ये सपाट असेलच असे नाही.

दुसरी पायरी भिंत. ती दिव्यापासून १० मीटरवर, सरळ आणि कोरी असावी. अंगण १० मीटर असेल अशी घरे थोडी, म्हणून गाडी मागे घेत घेत रस्त्यावर येते आणि भिंत समोरच्याची निघते. ती कोरीही नसते. तिच्यावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात रंगवलेली असते. तेव्हा पुढच्या रेघा बोंडावरूनच ओढाव्यात आणि खिडकी उघडून कोणी काय बोलले ते मनावर घेऊ नये.

तिसरी पायरी रेषा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ ओढावी आणि तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. डिपरच्या झोताची वरची कड दुसऱ्या रेघेवर बसली पाहिजे. दर १० मीटरला १० सेंटीमीटर उतार, म्हणजे शंभराला एक. दिवा ७० सेंटीमीटर उंच असेल, तर आठ मीटरवरच्या माणसापाशी झोताची कड ६२ सेंटीमीटरवर पोहोचते. प्रकाश त्याच्या मांडीच्या वर चढत नाही. डोळे अंधारात, शाबूत राहतात. हाच झोत ७० मीटरवर जमिनीला टेकतो. मालकाचे समाधान इथेच मोडते. त्याला झोत वेशीपर्यंत गेलेला हवा असतो. तो पेच उलटा फिरवतो, झोत शंभराला एक वर चढतो आणि ८० मीटरवरच्या माणसाच्या बरोबर डोळ्यांत जातो. आठ मीटरवरचा वाचला म्हणून कायदा निश्चिंत. ऐंशी मीटरवरच्याची नोंद नियमात नाही.

चौथी पायरी सेन्सरला शून्य शिकवणे. हे गाडी रिकामी असताना करायचे. डिकीत सरकीची तीन पोती असताना शिकवले, तर सेन्सर त्या झुकावालाच सपाट समजतो. पोती उतरली, की गाडी नाक खाली घालून चालली आहे असे त्याला वाटते आणि रिकाम्या गाडीवर पेचाने लावलेला झोत तो वर उचलतो. उपकरण प्रामाणिक आहे. त्याला पहिल्या दिवशी जे सरळ म्हणून दाखवले, ते त्याने जन्मभर सरळ मानले.

पाचवी पायरी बाजू पाहणे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून झोताची कड उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे, रस्त्याच्या कडेवर, चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी घडवलेल्या दिव्यात हा चढ उजवीकडे असतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. तो पेचाने जात नाही, सेन्सरने जात नाही. दिवाच बदलावा लागतो. परवानगीबाहेरच्या फेरबदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. यावर मालकाची शंका एकच असते: दोन दिवे म्हणजे फेरबदल एक की दोन?

आता तो दुसरा माणूस. नियमाने त्याला अंगणाबाहेर उभे केले आहे, पण इथे तो कोण आहे हे पाहायला पाहिजे. दिवाळी ते होळी तो उसाच्या टायरगाडीवरचा गाडीवान असतो. त्याच्या बैलांनाही डोळे असतात आणि त्यांची उंची नियमात दिलेली नाही. उरलेल्या वर्षात तो मोटार चालू करायला निघालेला शेतकरी असतो, कारण शेतीची लाइन अनेकदा रात्री येते. ती रात्री का येते, हे विचारून विचारून त्याच्या बापाची पिढी गेली. उत्तर आले नाही, वेळापत्रक आले. हातात बॅटरी, पायात चप्पल, रस्त्याला साइडपट्टी नाही. समोरून पांढराशुभ्र झोत येतो आणि तो डोळ्यांवर हात घेऊन बाभळीत उतरतो. झोत मात्र वळणावर अदबीने वळतो, कारण तो वळणाला ओळखतो. आणि उसाची ट्रॉली? ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, आणि मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. फार तर एक लाल फडके. लाल फडके दिवसा लाल असते! रात्री ते फडकेही नसते आणि ट्रॉलीही नसते, असतो फक्त काळोख, आणि त्यात शिरणारी मोटारसायकल. रिफ्लेक्टरच्या पट्टीला मोटार लागत नाही, सेन्सर लागत नाही, शून्य शिकवावे लागत नाही. ती चिकटवावी लागते, इतकेच. ज्या अंगणात खडूने रेघा मारून कारचा फोकस सेट होत असतो, त्याच अंगणाच्या कोपऱ्यात पुष्कळदा ही ट्रॉली उभी असते. नव्या दिव्याचा झोत तिच्या पाठीवर पडतो आणि तिथून काहीही परत येत नाही. मालक मात्र भिंतीकडे पाहत असतो.

पूर्वी डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासत. तो उपाय ओबडधोबड होता, पण तो समोरच्याचा विचार करून केलेला होता. नव्या दिव्यावर काळा रंग शोभत नाही, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

शेवटची पायरी तपासणी. ती चालकाच्या जागी बसून होत नाही. तिथून प्रत्येक झोत झकासच दिसतो. दोरीने ८ मीटर मोजावेत, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर खूण करावी. गाडीत दुसऱ्याला बसवून मालकाने स्वतः त्या खुणेवर जावे, डोळे दीड मीटरवर येतील इतके गुडघे वाकवावेत आणि डिपर लावायला सांगावे. हात आपोआप डोळ्यांवर गेला, तर पेच अर्धा आटा खाली. मग खूण पायाने पुसून मागे चालत ८० मीटरवर जावे आणि तेच पुन्हा करावे. परत येताना वाटेत ट्रॉली लागते. तिला पट्टी लावावी आणि दिवे बंद करावेत.