मेंबर धरणारा

मेलबर्नच्या कुठल्याही उपनगरातल्या लॉन बोल्स क्लबात जा, हा गृहस्थ हमखास भेटतो. वय सत्तरीपुढे, डोक्यावर पांढरी टोपी आणि नजर हिरवळीवर नव्हे, फाटकावर. खेळ बाकीचे खेळतात. हा मेंबर धरतो.

औषधाच्या दुकानात, कुत्री फिरवणाऱ्यांच्या मैदानात, शेजाऱ्याच्या मयतालासुद्धा त्याचा शोध चालू असतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? "उत्तम! आमच्याकडे पळायचं नसतं." वय पंचवीस? "उत्तम! बिअर स्वस्त आहे." नकार त्याला ऐकूच येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी 'बेअरफूट बोल्स'. एके काळी पांढरे कपडे नसले तर आत न घेणारे हे क्लब आता अनवाणी चालेल म्हणतात. ऑफिसातली पोरं येतात, सॉसेज-पाव हाणतात, हसतखिदळत चार बोल टाकतात आणि जातात. फॉर्म एकही भरत नाही. हा मात्र मीटिंगमध्ये 'तरुणांचा उदंड प्रतिसाद' असं लिहून घ्यायला लावतो.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून लॉन बोल्सचं सुवर्णपदक मिळवलं. तेव्हापासून त्याला प्रत्येक भारतीय माणूस बोलर वाटतो. त्यात नातवाला बाबागाडीतून फिरवणारे पुण्याचे काका म्हणजे घबाडच! रिटायर्ड, सकाळ मोकळी, पायांत स्पोर्ट्स शूज.

दीड किलोचा बोल हातात देऊन तो बजावतो, "बारकी खूण आतल्या बाजूला." काका ती नेमकी बाहेर ठेवतात. बोल आधी शहाण्यासारखा जॅककडे, म्हणजे नेमाच्या छोट्या पांढऱ्या चेंडूकडे, निघतो, वेग ओसरताच भलतीकडे वळतो आणि शेजारच्या पट्टीतल्या आजीबाईंच्या रंगात आलेल्या डावात घुसतो. आजीबाई कमरेवर हात ठेवून बघतात. हा टाळ्या पिटतो, "भले! आमचे अध्यक्ष अजून असंच टाकतात!"

मग चहा. आणि चहात साखर ढवळता ढवळता हळूच प्रश्न, "तुम्हांला एक्सेल येतं?"

बँकेत उभा जन्म काढलेल्या काकांची छाती फुगते, आणि तिथेच ते सापडतात. कारण बोल टाकणारे कसेही मिळतात. वानवा असते ती बार सांभाळणाऱ्यांची, मटणाच्या सोडतीची तिकिटं खपवणाऱ्यांची आणि मुख्य म्हणजे खजिनदाराची. सध्याचे खजिनदार नव्वदीला टेकलेत आणि त्यांचा राजीनामा दर वर्षी एकमताने फेटाळला जातो.

काकांचा व्हिसा संपतो, तेव्हा गृहस्थ खट्टू होतो, पण घटकाभरच. "झूम आहे की!"

आता दर महिन्याला दुपारी दीड वाजता, अख्खी सदाशिव पेठ वामकुक्षी घेत असताना, काका मेलबर्नच्या क्लबाचा ताळेबंद वाचतात. सूचक आणि अनुमोदक तोच असतो.