बाटलीबंद ओढा

आपल्या जिल्ह्यातल्या ओढ्यांची प्रकृती ठणठणीत आहे, कारण त्यांची बाटली ठणठणीत आहे. पाण्याचा नमुना घेण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी पुलावर थांबते, दोरीची बादली खाली जाते, बादलीतलं पाणी बाटलीत, बाटली खोक्यात, खोकं गाडीत. पाय कुणाचाच भिजत नाही. मे महिन्यात तर ओढ्याचाही भिजत नाही. मग त्या महिन्याच्या रकान्यात ‘पाणी नसल्याने नमुना नाही’ एवढं लिहायचं आणि उरलेल्या महिन्यांची सरासरी काढायची. ओढा आटला याचा त्याच्या तब्येतीशी संबंध नसतो. उलट आटलेल्या ओढ्याचं पाणी आजवर कुणीही नापास केलेलं नाही.

कुणी म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा करतातच की. करतात, पण तो भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. ओढ्याची आच तासागणिक बदलते. सांडपाणी मिळालेल्या ओढ्यावर शेवाळ माजतं. भर दुपारच्या उन्हात ते शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की मोजणाऱ्या यंत्राला आनंद व्हावा. रात्री तेच शेवाळ आणि तळाचा कुजका गाळ मिळून तो पिऊन टाकतात आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा असा निकष आहे. म्हणजे एकच ओढा दुपारी बाराला आंघोळीला लायक आणि पहाटे पाचला गुदमरलेला. बाटली बाराला भरली जाते, कारण कार्यालयं पहाटे उघडत नाहीत. पुढे बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजण्यासाठी, ही बाटली प्रयोगशाळेत तीन दिवस २७ अंशांवर, अंधारात, जपून ठेवतात. पद्धत बरोबर आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण उन्हाळ्यात चाळिशीपार तापणाऱ्या या मुलखात २७ अंशांची सोय फक्त बाटलीला मिळते, आणि तीन दिवस तिच्याइतकी काळजी ओढ्याचीही कुणी घेतली असती तर बाटलीची वेळच आली नसती, हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की यंत्राचा आकडा म्हणजे विज्ञान; बाकी सगळं निसर्गप्रेमी लोकांचं हळवेपण. तर हे हळवेपण ब्रिटनने १९७० च्या दशकातच गुणपत्रिकेत बसवलं. ओढ्यातला दगड उलटायचा, जाळीत किडे गोळा करायचे आणि घराण्यागणिक गुण द्यायचे. स्वच्छ, वाहत्या पाण्याशिवाय न जगणाऱ्या अळ्यांना दहापैकी दहा, कुजक्या गाळात सुखाने नांदणाऱ्या लाल अळ्यांना दोन, गांडुळांच्या पाण्यातल्या भाऊबंदांना एक. आपल्या देशातही अशा जैविक निकषांचे तक्ते छापलेले आहेत. म्हणजे कपाटात आहेत. या दहा गुणवाल्यांत वाळूचे कण रेशमी धाग्याने जोडून स्वतःभोवती घर बांधणाऱ्या अळ्याही येतात. आता ही बिचारी घर कशाचं बांधणार? वाळू तर रात्रीच्या ट्रॅक्टरने गेली! माणसांच्या स्लॅबसाठी किड्यांची घरं गेली एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. पण वाळू गेली तिथे झिरा खणायची सोय गेली, पावसाचं पाणी धरून ठेवणारा थर गेला, आणि उरलेल्या खड्ड्यात जेसीबी उतरवून दोन्ही काठ तासून, करंज-उंबर मुळासकट उपटून त्याला ‘ओढ्याचं पुनरुज्जीवन’ म्हणायचं! आधी सोलायचं, मग गटारासारखं सरळ करायचं, मग खोदलेल्या मातीचे घनमीटर मोजून पाठ थोपटून घ्यायची. आणि तासलेल्या काठावर पुढच्या वर्षी येडी बाभूळ आणि बेशरम माजली की ती हिरवाई म्हणून फोटोत घ्यायची.

दुष्काळी जिल्ह्यात माणसाला पाणी महत्त्वाचं, किड्यांचं काय घेऊन बसलात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. आपण बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावर राहतो. इथलं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला आणि सीना-बोरीतून भीमेमार्गे कृष्णेला जातं. माथ्यावरचे ओढे मुळातच लहान आणि हंगामी. म्हणून तर पाऊस थांबल्यावर ओढा किती दिवस वाहतो, हाच इथल्या आरोग्याचा पहिला आकडा हवा. तो बाटलीत मावत नाही. हंगामी ओढा म्हणजे निर्जीव ओढा, हेही खरं नाही. खेकडे बिळात आणि बेडूक मातीत उन्हाळा काढतात, डोहात चार मासे तग धरतात. फक्त डोह आणि ओल शिल्लक हवी. जिथे ते टिकतात तिथे पाणी मुरलेलं असतं, आणि जवळच्या विहिरीलाही त्याच मुरलेल्या पाण्याचा आधार असतो. किड्यांची बाजू घेणं म्हणजे शेतकऱ्याच्या विरोधात जाणं, हा शोध कुणी लावला कोण जाणे.

किडे मोजण्याच्या खर्चाचं म्हणाल तर एक चाळणी, एक पांढरा ट्रे, एक भिंग आणि ओळखपत्रिका एवढ्यात नववीचा वर्ग हे काम शिकतो. बाटली बंद करा असं नाही. रसायनांचे आकडे लागतातच. पण अळी मोजली जात नाही याला खर्च हे कारण नाहीच. बाटली ज्या घटकेला भरली त्या घटकेचंच बोलते, आणि ती घटका ठरवता येते. अळी मात्र महिनोन्‌महिने तिथेच असते. परवा रात्री वरून काळं पाणी सोडलं असेल तर ती आज गैरहजर असते, आणि ते पाणी केव्हाच वाहून गेलं तरी गैरहजरी पुसली जात नाही. पाहणीदौऱ्याची आगाऊ सूचना देऊन तिला रांगेत उभं करता येत नाही.