चौथ्या सीटवरचं हेड ऑफिस

कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही मंडळी. बंदर खाडीत, गिऱ्हाईक समुद्रापलीकडे, आणि माल पोचला की बुडाला हे कळायला गलबत परत येईपर्यंत थांबायचं. तरी धंदा असा बरकतीत, की दानधर्म करून वर उरत असावं. दगडावर त्यांनी बरंच काही कोरून ठेवलंय. ‘पासवर्ड विसरलो’ असं मात्र कुठेही नाही.

मी त्यांच्याच पंचक्रोशीतली. आमचा धंदा भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ. मी डोंबिवली पूर्वेला, वन्सं कल्याणात खडकपाड्याला, तळणीचं बघणाऱ्या काकू ठाण्यात नौपाड्याला, आणि गिऱ्हाइकं न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत. मी दिवसा दादरला नोकरी करते. त्यामुळे धंद्याचं हेड ऑफिस मी जिथे लोंबकळत असेन तिथे, म्हणजे बहुधा लेडीज डब्यात.

याला ‘रिमोट बिझनेस’ म्हणतात हे मला वन्संच्या मुलानं सांगितलं. तोवर आम्ही त्याला ‘धावपळ’ म्हणत होतो. एका रविवारी त्यानं आमचे तिघींचे फोन ताब्यात घेतले, भराभर काय काय डाउनलोड केलं आणि म्हणाला, “मामी, आता जगात कुठेही फिरत धंदा करा. आणि एक रुपया लागणार नाही.” डोंबिवलीत या शेवटच्या वाक्यावर काहीही खपतं.

पहिली आली गूगल शीट. तिघींनी तीन गावांहून एकाच वहीत लिहायचं. कल्पना उत्तम. पण वहीत कोण काय लिहितं याला माझी आजी जी शिस्त लावू शकली असती ती गूगलला लावता आलेली नाही. ‘तारीख’ या रकान्यात वन्सं ‘झालं’ असं लिहितात. कधी झालं, काय झालं, हे विचारायचं नाही. काकू रकमेच्या रकान्यात ‘ओळखीचे आहेत’ लिहितात. शीटची लिंक भाच्यानं सगळ्यांना उघडी ठेवली होती, त्यामुळे एका रात्री वर कोपऱ्यात एक अनामिक कोल्हा आणि एक अनामिक म्हैस येऊन बसले. लॉगिन न करता लिंक उघडणाऱ्याला गूगल असं जनावराचं नाव देतं, ही माहिती नंतर मिळाली. त्या रात्री मात्र वन्संचा फोन आला, “वहिनी, कोल्हा आपले अनारशांचे दर वाचतोय.” कोल्हा कोण ते आजतागायत कळलेलं नाही. म्हैस आमच्या सासूबाई निघाल्या, आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचू दिलेली नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे खरंच कामाचं आहे: मालाचा कॅटलॉग, गिऱ्हाइकांना रंगीत लेबलं, ठरावीक उत्तरं, आणि आपण नसताना आपोआप जाणारा निरोप. हा निरोप वन्संनी लावला आणि ‘सर्वांना’ असं निवडलं. त्यानंतर त्यांच्या यजमानांनी “डाळीचा कुकर किती शिट्ट्यांनी बंद करू?” असं विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर गेलं, “नमस्कार! आपण आमच्या उत्पादनांत रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.” वरण करपलं. प्रतिनिधी रात्री नऊला घरी पोचल्या.

फुकट साधनांचा एक स्वभाव हळूहळू लक्षात आला. फुकट प्लॅन म्हणजे लोकलमधली चौथी सीट. तिघींच्या बाकावर “जरा सरकता का?” म्हणून मिळवलेली, अर्धं अंग बाकावर, एक पाय वाटेत, आणि पाठ टेकायची सोय नाही. बसू देतात, पण ‘बसली आहे’ असं आपल्याला वाटू देत नाहीत. झूमवर फुकटात ४० मिनिटं. म्हणजे डोंबिवलीला जलद लोकलमध्ये चढताना बैठक सुरू करावी तर कुर्ल्याच्या आसपास, नेमकं पैशांचं बोलणं निघालं की खेळ खलास. गूगल मीट तिघींना तासभर बोलू देतं, त्यात काकूंची पहिली वीस मिनिटं “दिसतेय का मी?” यात जातात. कॅनव्हावर दिवाळीच्या जाहिराती सुरेख, पण आपल्याला आवडलेल्या पणतीवर हमखास छोटा मुकुट असतो. मुकुट म्हणजे पैसे. बिनमुकुटाच्या ज्या पणत्या मिळतात त्या वापरून आमची जाहिरात गेली कित्येक दिवाळ्या हनुमान जयंतीची वाटते. गूगलची १५ जीबी जागा फुकट खरी, पण ईमेल, फोटो, फायली सगळ्यांत मिळून १५, आणि आता अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरतात. परिणामी आमच्या धंद्याची बिलं एका बाजूला आणि दूरच्या आत्यांनी पाठवलेले ‘शुभ सकाळ’चे गुलाब दुसऱ्या बाजूला, अशी जागेसाठी मारामारी चालू असते. गुलाब जिंकतात.

एक अ‍ॅप असंही होतं, ज्यात गिऱ्हाइकानं आपल्या सोयीची वेळ स्वतःच निवडायची. मेलबर्नच्या एका बाईंनी काकूंची दुपारी दोनची वेळ घेतली. नौपाड्यात दुपारी एक ते चार काकू झोपतात. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर, फुकट वा विकत, ही वेळ हलवू शकणार नाही. ते अ‍ॅप आम्ही काढून टाकलं.

वेळेचा घोळ खरा माझ्या बाजूनं आहे. डोंबिवलीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा ऐन ऑर्डरींच्या दिवसांत न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा असतात. ती माणसं जेवूनखाऊन, भांडी घासायच्या यंत्रात टाकून निवांत झालेली. त्यांना चकली आठवते ती तेव्हा. माझा एक हात कडीला, दुसरा पर्सवर, आणि कुणाचातरी टिफिन माझ्या बरगडीला. मग टाइप करायला उरतं काय? म्हणून बोलून टाइप करायचं. पण फोन फक्त माझंच ऐकतो असं नाही. संध्याकाळच्या धीम्या गाडीतून मेलबर्नला गेलेला एक निरोप जसाच्या तसा देते: “दोन किलो भाजणी आणि एक किलो पुढील स्टेशन मुंब्रा.” तिकडून विचारणा आली, मुंब्रा तिखट असतं का?

बोलून टाइप करण्याचा दुसरा तोटा म्हणजे भाव अख्ख्या डब्याला कळतो. मी अनारशांचा दर सांगितला की खिडकीतून आवाज, “एवढ्याला परवडतात का गं तुला?” दारातून, “वाढव, वाढव, तूप काय भावानं आहे!” असे सल्ले देणाऱ्या कंपन्या पैसे घेतात म्हणे.

नको असलेला फोन टाळायला पूर्वी एक हुकमी वाक्य होतं: “बोगद्यात शिरतेय, आवाज कट होतोय.” पारसिकचा बोगदा १९१६चा, एक किलोमीटरहून लांब, डोंबिवली-कल्याणच्या कित्येक पिढ्यांनी त्याच्या अंधारात साहेबाला, सासरला आणि विमा एजंटला गप्प केलं. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूनं जायला लागल्या. सबब गेली. पण ज्यांनी त्याआधी डोंबिवली सोडली आणि अमेरिकेत स्थायिक झाले, त्यांच्यावर ती अजून चालते. ही माहिती कृपया तिकडे पाठवू नये.

भाच्यानं सांगितलेली एक सोय वापरायची राहिलीच होती: स्टेशनवरचं रेलवायर वायफाय, रोज पहिला अर्धा तास फुकट. नंबर टाका, ओटीपीची वाट बघा. ओटीपी आणि लोकल एकाच वेळी येतात. दोन्हींत एकाचीच निवड करायची असेल तर डोंबिवलीकराला विचार करावा लागत नाही. याउलट एम-इंडिकेटर. आपल्याच मुंबईच्या सचिन टेके यांनी बनवलेलं, वेळापत्रक नेट नसतानाही उघडतं, आणि ‘प्रीमियम व्हा’ म्हणून रोज दाराशी उभं राहत नाही. त्याला मी हात जोडते.

गणपतीत गावी जायचं तर दिवा-सावंतवाडी गाडी. कोकण रेल्वेवर धंदा चालवणं हे वेगळंच प्रकरण. रत्नागिरीअलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत शिरताना एका बाईची एक किलो चिवड्याची चौकशी असते, बाहेर येताना तीच बाई रागावून दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळी झालेली असते.

आता खरी गोष्ट. काकूंनी तळलेला माल ठाण्याहून डोंबिवलीला कसा येतो? त्याला अ‍ॅप नाही. संध्याकाळी मी दादरहून “डबा पुढून दुसरा” एवढं फोनवर सांगते. ठाण्याच्या फलाटावर काकू पदर खोचून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तयार. गाडी थांबते, उतरणाऱ्यांचा लोंढा बाहेर, चढणाऱ्यांचा आत, आणि त्या दोन लोंढ्यांच्या डोक्यांवरून काकूंची पिशवी दारातल्या बाईच्या हातात. तिथून पुढे ती कोणीही न सांगता सरकते, दारातून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून दुसऱ्या बाकावर, “भाजणीवाल्यांची आहे, द्या पुढे.” काकूंनी कोणाला ओळख सांगितलेली नसते, मी कोणाला पैसे दिलेले नसतात. कळवा यायच्या आत पिशवी माझ्या मांडीवर आणि वास डब्यात. मग चौकशी सुरू होते. “चकली का? खुसखुशीत की कडक?” “माझ्या भावजयीला टेक्सासला पाठवाल?” “एक पाकीट आत्ताच फोडा ना, सुट्टे आहेत माझ्याकडे.” आमच्या कॅटलॉगकडे, लेबलांकडे, बिनमुकुटाच्या पणत्यांकडे बघून आलेली गिऱ्हाइकं एका बाजूला, आणि ठाणे ते डोंबिवली या वासावर आलेली दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कितीतरी जड आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामी, याला ऑरगॅनिक रीच म्हणतात.” म्हणत असतील.

त्याच डब्यात क्लिपा-रबरं विकणारी एक बाई येते. गळ्यात क्यूआर कोडचं लॅमिनेट केलेलं कार्ड, हातात हँगरवर सगळा माल, आणि दर स्टेशनाला डबा बदलायचा. प्रवासात धंदा तो हा. परवा एकीचं नेट चालेना, पैसे जाईनात. “राहू दे ताई, उद्या द्या,” म्हणाली आणि उतरली. कुठे लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पैसे मागायलाही लागले नाहीत, त्या ताईच पाकीट उघडून बसल्या होत्या. आमच्या शीटमध्ये मात्र चौदा ठिकाणी ‘येणे बाकी’ आहे, तेही रंगीत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली: ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. सगळ्यांना बसायला मिळालं असणार. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि मग जे व्हायचं ते झालं. ती गर्दी नसती तर आमचा धंदा उभा राहिला नसता, हे माझं ठाम मत आहे, आणि सकाळी आठच्या गाडीत ते मी तात्पुरतं मागे घेते.

तर वाचकहो, परदेशी पाठवायचा फराळ हवा असेल तर नवरात्र बसायच्या आत सांगा, दिवाळी तोंडावर आल्यावर नको. शीटमध्ये स्वतः काही लिहू नका. पत्ता नीट अक्षरांत पाठवा, आणि फोन करायचाच तर काकूंना दुपारी एक ते चारमध्ये करू नका.