गाडी रिकामी आहे, असं व्हॉल्व्हला वाटतं

आमच्या भागात जुनी पिकअप बाळगणाऱ्या माणसाला सल्ल्याची ददात नसते. इंजिनाबद्दल सल्ला द्यायला थोडीफार माहिती लागते, रंगाबद्दल द्यायला थोडीफार रुची लागते. ब्रेकबद्दल द्यायला मात्र आयुष्यात एकदा सायकलवरून पडलेलं असलं तरी भागतं. आणि सायकलवरून कोण पडलेलं नाही? पडायच्या आधी घरातल्या कुणीतरी वडीलधाऱ्याने बजावलेलंही असतं, "पुढचा ब्रेक दाबू नको रे, तोंडावर आपटशील." तेव्हापासून आपली श्रद्धा मागच्या ब्रेकवर जी जडते ती जडतेच. पुढचा ब्रेक दगाबाज, मागचा सज्जन. सायकल जाऊन मोटरसायकल येते, मोटरसायकल जाऊन चारचाकी येते, पण ही वाटणी काही बदलत नाही.

त्यामुळे "मागचं धरत नाही हो" असं म्हणत आप्पा टपरीवर येऊन बसले, तेव्हा सगळ्यांना ते घरचं दुखणं वाटलं. आप्पांची पिकअप वीसेक वर्षांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. ओतूरला कांदा भरायचा, कधी फ्लॉवर, कधी कोथिंबीर. माळशेज घाट उतरून मुरबाडवरून कल्याणच्या मार्केटला पहाटेच्या आत पोचायचं आणि उजाडल्यावर रिकामी गाडी घेऊन परत चढायचं. घाट उतरताना, आप्पांच्या शब्दांत, "पुढचंच सगळं ओझं ओढतंय, मागचं आपलं वऱ्हाडी आल्यासारखं बसून आहे."

टपरीने लगेच उपचार सुरू केले. कुणी म्हणालं लायनर बदला. कुणी म्हणालं ड्रम लेथवर मारून घ्या. एकाने व्हील सिलिंडर एक नंबर मोठा टाकायला सांगितलं. हा गृहस्थ डोकेदुखीवरही दोन गोळ्या एकदम घेतो. "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?" असं एकाने हळूच विचारलं. त्यातल्या त्यात शहाणा प्रश्न तोच होता, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग आप्पांचा भाचा आला. तो चिंचवडला कारखान्यात आहे आणि रात्री झोपताना अमेरिकेतल्या हौशी लोकांचे व्हिडिओ पाहतो. तिकडे जुन्या पिकअपवर जीव टाकणारी माणसं भरपूर. स्वतःच्या घरामागे गॅरेज, गाडी उचलायला स्वतःची लिफ्ट, आणि शनिवार-रविवार एकच उद्योग: शेव्हरोलेच्या सी-१० सारख्या गाडीचे मागचे ड्रम काढून तिथे डिस्क बसवायची. या गाड्यांना पुढची डिस्क १९७१ पासून कंपनीकडूनच मिळायला लागली. मागे मात्र ड्रमच राहिला, आणि तेवढ्यासाठी तिथले लोक पन्नास वर्षांनंतरही झोप उडवून घेतात. "मामा, ड्रम म्हणजे जुनाट. डिस्क टाकू," भाचा म्हणाला. शिवाय १९५३ साली ल मांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर कशी मारली, हेही त्याने ऐकवलं. कोथिंबिरीची जुडी वेळेत कल्याणला पोचण्याशी याचा काय संबंध ते आप्पांना कळलं नाही, पण शर्यत म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

आता ड्रम जुनाट हे खरंच. लुई रेनॉने तो १९०२ च्या सुमाराला आणला. पण गंमत अशी, की डिस्कचं पेटंटही लँचेस्टर नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्याच १९०२ सालचं घेतलेलं आहे. म्हणजे दोघे एका वयाचे; एकाचं नशीब उशिरा उघडलं इतकंच. आणि आजही भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्सला मागे ड्रमच असतो, फोक्सवागेनच्या आयडी-४ या विजेवरच्या गाडीलाही मागे ड्रमच असतो. ड्रम चहूबाजूंनी झाकलेला, त्यामुळे त्यात चिखल सहज शिरत नाही, हँडब्रेक त्यातच सोयीने बसतो. शिवाय चाकाच्या फिरण्यानेच त्याचा एक शू आणखी घट्ट ओढला जातो, त्यामुळे पायाला जोर कमी लावावा लागतो. त्याची खोडही आहेच: ओढ्यातून गाडी काढली की आत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही, आणि घाटात तापला की उष्णता बाहेर टाकायला त्याला जागा नसते. हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे, रेडिओ अजून ऐकणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

खरा मुद्दा ड्रम की डिस्क हा नव्हताच. मुद्दा असा, की पिकअपचा मागचा ब्रेक मुद्दामच नरम ठेवलेला असतो. गाडी थांबवताना वजन पुढे झुकतं. समजा, रिकाम्या पिकअपचं शंभरातलं चाळीस वजन मागच्या चाकांवर आहे. जोरात ब्रेक मारला की ते पंचवीसवर येऊ शकतं. इतक्या हलक्या चाकाला करकचून आवळलं तर ते फिरायचं थांबतं आणि घसरतं. घसरणारं चाक सरळ चालायला बांधील नसतं. पुढची चाकं घसरली तर गाडी निदान नाकासमोर जाते. मागची घसरली तर मागची बाजू पुढे काय चाललंय ते बघायला येते. तोंडावर आपटण्याची भीती आपल्याला लहानपणीच घातली गेली. गिरकी खाण्याची भीती घालायला कुणाला सुचलं नाही.

सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक मागेच असायचे. पुढच्या चाकांना ब्रेक लावणं हा अविचार समजला जाई. १९२० च्या दशकात चारही चाकांना ब्रेक आले तेव्हा इंग्लंडात अशा मोटारींच्या पाठीवर लाल त्रिकोण लावत. अर्थ असा, की ही गाडी तुमच्या अंदाजाआधी थांबेल, सांभाळून या. आपल्याकडच्या ट्रकच्या फळीवर 'पॉवर ब्रेक' असं रंगवतात ते याच घराण्यातलं.

तर आप्पा, भाचा आणि मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री कमी बोलतात. त्यांनी चाक काढलं नाही, ड्रमही उघडला नाही. खाली पोतं अंथरलं, बॅटरी घेतली आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ नुसते पायच दिसत होते. मग आतून आवाज आला, "आप्पा, मागच्या स्प्रिंगचा पाटा कधी वाढवलाय?"

आप्पा म्हणाले, "पाटा? तो गाडी घेतली तेव्हापासून आहे. आधीच्या मालकाने टाकलेला. मजबूत माणूस होता." नंतर जरा थांबून, "अन् एक मी टाकलाय. कांद्याच्या सीझनला."

मिस्त्रींनी मला खाली बोलावलं. मागच्या एक्सलच्या वर, चेसिसला आवळलेला मुठीएवढा लोखंडी ठोकळा होता. त्यात ब्रेकच्या बारीक नळ्या येऊन मिळत होत्या. त्याच्या कुशीतून एक दांडी निघून खाली एक्सलपर्यंत गेली होती. दांडीला ग्रीस, चिखल आणि कांद्याची पातळ लालसर सालं चिकटलेली. आणि तिच्या खांद्याशी, स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात त्या तारेचे दोन वेढे, गंजून तुटलेले.

हा भारानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. काम साधं. गाडीत माल भरला की पाटे दबतात, चेसिस खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. माल उतरवला की चेसिस वर, दांडी खाली, दाब कमी. बिचारा एकच प्रश्न विचारतो: एक्सल आणि चेसिस यांच्यात अंतर किती? बाकी जगाची त्याला खबर नाही. आप्पांनी आणि आधीच्या मजबूत माणसाने मिळून पाटे वाढवले. आता दीड टन कांदा भरला तरी चेसिस दबतच नाही. मागे पोत्यांचा डोंगर, आप्पा घाटात घामाघूम, आणि व्हॉल्व्ह आपला निवांत: गाडी रिकामी आहे, मागच्या ब्रेकला जरा बेतानेच द्या.

मग ती तार कसली? मधल्या काळात कुणी तरी हुशार कारागीर भेटला असणार. त्याने दांडी उचलून तारेने कायमची वर बांधून टाकली. म्हणजे व्हॉल्व्हला समजूत दिली की गाडी सदैव भरलेली आहे. ब्रेक कडक, मालक खूश. पुढे पावसाळ्यांनी तार खाल्ली, तुटली, दांडी जागेवर आली, आणि आप्पा म्हणायला लागले मागचं धरत नाही. ब्रेकमध्ये बिघाड नव्हता. एका फेरफाराने दुसरा फेरफार झाकला होता, आणि झाकण उडालं.

आप्पांना हे ऐकून भलताच आनंद झाला. "मग बांधा की तार. घरात बंडल पडलंय."

"भरून जाता तेव्हा ठीक," मिस्त्री म्हणाले. "येताना काय भरता?"

"येताना रिकामीच."

"पावसात माळशेजच्या वळणावर रिकामी गाडी, ओला रस्ता, धुकं, आडवी आलेली एखादी मुंबईची कार. तार बांधलेल्या गाडीचा ब्रेक मारा आणि मागचं कुठं जातंय ते मला सांगायला या. आलात तर."

मिस्त्री एवढं एका दमात कधी बोलत नाहीत. आप्पा गप्प झाले.

भाचा मात्र डिस्क सोडायला तयार नव्हता. त्याच्याही प्रश्नांना मिस्त्रींकडे उत्तरं होती. डिस्कच्या कॅलिपरला तेल जास्त लागतं, म्हणजे मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा. हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागणार. रिंगमध्ये कॅलिपर मावला पाहिजे. आणि एवढं सगळं करून दाब सोडणारा व्हॉल्व्ह हाच, पाटे हेच. डिस्कलाही तो तेवढंच देणार जेवढं ड्रमला देत होता. वर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून हटेल असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा ठासून सांगितलं आहे. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल पासिंग असतं. "तिकडची माणसं हौसेला गाडी ठेवतात," मिस्त्री म्हणाले, "आप्पा पोटाला." भाच्याने मोबाइल खिशात ठेवला.

शेवटी ठरलं ते साधंच. जादा पाटे काढायचे, दांडी कंपनीच्या मापाने रिकाम्या गाडीवर बसवायची, लायनर पाहायचे, ऑइल बदलायचं. ड्रम उघडल्यावर पोऱ्याने सवयीने हवेचा पाइप उचलला, तसा मिस्त्रींनी त्याच्या हातातून काढून घेतला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुंकून उडवली की थेट छातीत. ओल्या फडक्याने पुसलं. ऑइल चहाच्या उकळलेल्या पत्तीच्या रंगाचं निघालं. हे तेल हवेतला ओलावा पीत राहतं. नवं डॉट-३ तेल २०५ अंशांच्या पुढे उकळतं. पाणी प्यायलेलं १४० च्या आसपासच उकळायला लागतं. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, चाकापर्यंत जोर पोचवत नाही. पाय खाली जातो, गाडी पुढे जाते.

मग हवा काढण्याचा कार्यक्रम. सगळ्यांत लांबचं चाक आधी. आप्पा स्टेअरिंगवर, मिस्त्री चाकाशी, निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. "दाबा... धरा... सोडू नका, आप्पा, धरा म्हटलं ना... आता सोडा." बाटलीत बुडबुडे येत राहिले. चारही चाकं होईपर्यंत आप्पांची पोटरी भरून आली होती आणि ब्रेक या विषयातली त्यांची भक्ती लक्षणीय कमी झाली होती.

तेवढ्यात मी एक हिशेब मांडून पाहिला. अडीच टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली तर जी उष्णता निघते, तिच्यात जवळजवळ एक लिटर पाणी उकळतं. म्हणजे सिग्नलगणिक चार-पाच माणसांचा चहा. तीच गाडी निव्वळ ब्रेकवर पाचशे मीटर खाली उतरवायची ठरवली, तर वारा आणि रस्ता आपला वाटा घेतील तो सोडून हिशेब पस्तीसेक लिटरवर जातो, लग्नाचं आधण. मागचे-पुढचे चारही ब्रेक कितीही गुणी असले तरी एवढं आधण त्यांच्या डोक्यावर ठेवू नये, म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि इंजिनाला रोखू द्यायचं. आप्पा डिझेल वाचावं म्हणून घाट न्यूट्रलमध्ये उतरतात, हे याच गप्पांत बाहेर पडलं. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ आप्पांकडे नुसतं पाहिलं.

तेव्हापासून गाडी नीट थांबते. भरलेलीही आणि रिकामीही. पाटे काढल्यामुळे कांदा कंपनीने सांगितलेल्या वजनाइतकाच भरावा लागतो, एवढंच काय ते दुःख. परवा आळेफाट्याला कांद्याचा भाव चढल्याची बातमी आली आणि आप्पा सकाळीच मिस्त्रींच्या दारात हजर झाले. जुना पाटा गोणपाटात गुंडाळून आणला होता.

"एकच टाकायचा आहे," ते म्हणाले. "दोन नाही."

"मग दांडीचं माप पुन्हा करावं लागेल. आणि सीझन संपल्यावर परत. दोन्ही वेळचे पैसे."

आप्पांनी मनातल्या मनात आकडे मांडले. "एका पाट्याने व्हॉल्व्हला एवढं कळतंय का हो?"

"त्याला तेवढंच कळतं," मिस्त्री म्हणाले आणि पोऱ्याला चहा सांगितला.

आप्पा गोणपाट मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. चहा आला, त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "अन् अर्धाच पाटा टाकला तर?"