आकडा मोठा, विलंब तोच

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर आकडा मोठा दिसला की गिऱ्हाइकाची मान आपोआप डोलते. डीडीआर५ रॅम ६००० ची? छे, ८००० ची दाखवा! आता ६००० ची सीएल ३० आणि ८००० ची सीएल ४०, हिशेब मांडला तर दोन्हीकडे विलंब दहा नॅनोसेकंदच. जुनी डीडीआर४ ३२०० सीएल १६ सुद्धा तेवढाच वेळ घेते, पण त्या म्हातारीला विचारतो कोण?

बँडविड्थ वाढते हे मान्य. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला ती खरोखर लागतेही. पण ८००० मागणारे साहेब हमखास रायझन ७ ७८००एक्स३डी बांधून घेणारे निघतात. त्याच्या पोटातच ९६ एमबी एल३ कॅश. रॅमच्या दारात तो जातोच कमी. शिवाय ८००० ला मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगावर उतरतो, हे बिलावर कुठेच छापलेलं नसतं.

एवढे पैसे मोजून घरी आल्यावर बायॉसमध्ये एक्स्पो चालू करायचं राहूनच जातं. मग ही महागडी जोडी बहुधा ४८०० वर निवांत रवंथ करत बसते. काचेआडचे आरजीबी दिवे मात्र पूर्ण वेगात.