दोघंच

स्टुटगार्ट,
मे महिन्यातला सोमवार

तीर्थरूप मामा आणि आत्याबाई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर सांगायला गेलं की मामा फोन कानाला लावतात, आम्हाला व्हिडिओत नुसता कान दिसतो, मागून आत्याबाई "पोरं जेवली का" विचारतात आणि मूळ विषय राहून जातो. इथले एकजण परवा मंचरला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. सोबत चॉकलेटं आहेत, त्यांचं नाव शेवटी सांगते. आणि मामा, पत्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू नका. का ते कळेलच.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून तुमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, की या शनिवार-रविवारी आपण दोघंच कुठंतरी जाऊ. 'दोघंच'वर भलता जोर होता. आजवर आम्ही दोघंच गेलो ते एकदा, ओझरच्या गणपतीला, आणि तेव्हाही जीपमध्ये आत्याबाईंच्या चुलत बहिणीचं अख्खं घर होतं. या वेळी पोरांना वरच्या मजल्यावरच्या संगमनेरच्या वहिनींकडं सोडलं आणि हायडेलबर्ग गाठायचं ठरलं. आमच्या स्टुटगार्टवरून गेलेली नेकार नदी डोंगरातून बाहेर पडते तिथलं हे जुनं गाव.

शुक्रवारी रात्री मासवड्या केल्या. आत्याबाई, तुम्ही शिकवल्याबरहुकूम बेसनाचा घाटा कढई सोडेपर्यंत घोटला, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापला, तीळ-खोबऱ्या-लसणाचं सारण पसरलं आणि फडक्याच्या काठानं वळवून माशासारखा आकार दाबला. बोटं भाजली, पण काप सुबक पडले. फडकं म्हणजे ह्यांचा ऑफिसचा पांढरा शर्ट होता. ते त्यांना अजून माहीत नाही, म्हणून म्हटलं मोठ्यानं वाचू नका.

वेगवान गाडीनं पाऊण तासाचा रस्ता. पण आमच्याकडं महिन्याचा पास आहे, आणि तो फक्त सावकाश गाड्यांना चालतो. फुकट असताना तिकीट काढणं चिरंजीवांच्या तत्त्वात बसत नाही. ब्रुखझालला गाडी बदलायची होती. हे गाव पांढऱ्या शतावरीचं, म्हणजे इथं जी भाजी म्हणून खातात तिचं. मे महिना ऐन हंगामाचा, स्टेशनाबाहेर टपरीवर जुड्या मांडलेल्या. हे "दोन मिनिटांत आलो" म्हणून गेले. मी बघते तर शेतकरी मातीचा वरंबा हातानं दाखवतोय, कोंबाला ऊन लागू द्यायचं नाही, लागलं की रंग गेला, आणि हे विचारतायत, दहा किलोचा भाव काय? तो म्हणे, दहा किलो कोण घेतं? यावर दोघांची चर्चा रंगली. चोवीस जूनला काढणी बंद करतात, पुढच्या वर्षासाठी मुळांना विसावा, हेही कळलं. आमची गाडी मात्र विसाव्याला थांबली नाही. पुढची येईपर्यंत फलाटावर बसून निम्म्या मासवड्या संपल्या.

खोलीतून नदी दिसते असं वाचून खोली घेतली होती. दिसते. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलं आणि मागून कुणी पाय धरले तर दिसते.

किल्ल्यावर गेलो. फ्रेंचांनी 1689 आणि 1693 मध्ये फोडला, पुन्हा उभा करायला घेतला तर 1764 मध्ये वीज पडली, मग लोकांनी नाद सोडला. त्या पडक्या भिंती बघायला जग लोटतं. तळघरात लाकडी पिंप आहे, 1751 चं, सुमारे 2 लाख 20 हजार लिटरचं, जिना चढून वर नाचायला जागा. राजा शेतकऱ्यांकडून करापोटी वाइन घ्यायचा आणि सगळ्यांची या एकाच पिंपात ओतायचा. चिरंजीव हादरले. "म्हणजे कांद्याचा सुपर, गोळा, गोल्टी, बदला सगळं एकाच ढिगात? आळेफाट्याला असं केलं तर लिलाव बंद पाडतील!" मग नाणेघाटातल्या जकातीच्या दगडी रांजणाची गोष्ट त्यांनी शेजारच्या जर्मन आजीला ऐकवली, आणि आपला रांजण निदान दगडी आहे, गळत नाही, हेही सांगितलं. पिंपासमोर पेर्केओ नावाच्या ठेंगण्या विदूषकाचा पुतळा आहे. जन्मभर वाइन प्यायला आणि चुकून एक पेला पाणी प्याला तर मेला, अशी तिथली दंतकथा. "टँकरचं असणार," हे म्हणाले.

आजीनं अभिमानानं सांगितलं, की आमचं विद्यापीठ 1386 चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, त्याच्या शंभर वर्षं आधी आमच्याकडं रेड्यानं वेद म्हटले, आणि त्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. आजीनं "रेडा" दोनदा विचारून घेतलं. मग पर्स घट्ट धरली.

संध्याकाळी जुन्या पुलावर आलो. पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं माकड बसवलंय, पोकळ डोक्याचं, हातात आरसा. आरशाला हात लावला तर पैसा येतो, बोटांना लावला तर माणूस हायडेलबर्गला परत येतो, आणि शेजारच्या उंदरांना लावला तर घरभर पोरं होतात. चिरंजीवांनी आरसा दोन्ही हातांनी चोळला, मागची रांग खोळंबली तरी चोळला. तिथून हात उंदरांकडं सरकला तसं मी मनगट धरलं. आत्याबाई, तिसऱ्याचं तुम्ही दर फोनला विचारता, ते प्रकरण उंदरापर्यंत आलं होतं. मी परतवलं.

ऊन उतरत होतं, दोन्ही काठ भरून पाणी, किल्ल्याचा दगड तांबूस झालेला. ह्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा माझा हात भर रस्त्यात हातात घेतला, काहीतरी बोलणार असं वाटलं. तेवढ्यात मामा, तुमचा फोन आला.

कांदा आत्ताच द्यायचा की बराखीत भरायचा! मग धाकटे भाऊजी फोनवर, मग नारायणगावहून वन्संना जोडून घेतलं, मग त्यांच्या यजमानांना. मी पुलावरून सहा फेऱ्या मारल्या, पुलाचा इतिहास वाचून काढला. 1784 च्या फेब्रुवारीत बर्फाच्या लोंढ्यानं आधीचा पूल नेला, 1788 मध्ये हा दगडी तयार झाला, 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानंच त्याच्या कमानी उडवल्या आणि 1947 मध्ये तो पुन्हा जोडला. महापुराच्या खुणा कोरल्यात, त्याही वाचल्या. बराखीचं काही ठरलं नव्हतं. फोन ठेवून हे आले, नदीकडं बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "एवढं पाणी, आणि एकही तालुका आवर्तनासाठी भांडत नाही." हीच ती गोष्ट असावी, जी ते सांगणार होते.

रविवारी माझा हट्ट. पुण्याला एम.ए.ला सरांनी सोंथायमरांचं नाव सांगितलं होतं. इथल्या विद्यापीठातले अभ्यासक. मराठी शिकले, धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, ओव्या उतरवून घेतल्या, जेजुरीच्या वाऱ्या केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावर 1976 मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. 1992 मध्ये गेले. त्यांच्या दक्षिण आशिया संस्थेला सुट्टी, म्हणून बंद दारालाच नमस्कार केला. खंडोबा म्हटल्यावर ह्यांनी खिशातून फोन काढला. "दादा, इथं आपलं कुलदैवत निघालं!" मामा, तुम्ही तेव्हा जेवत होतात, घास घेऊनच येळकोट म्हणालात, मला ऐकू आलं.

सोंथायमर मूळचे कायद्याचे अभ्यासक. 1977 मध्ये त्यांचं आणखी एक पुस्तक निघालं, विषय काय तर एकत्र हिंदू कुटुंब. मला तिथं फुटपाथवरच हसू फुटलं. हे विचारतायत काय झालं, आणि त्यांच्या फोनवर आळेफाट्याची पाच माणसं विचारतायत काय झालं.

तर, चॉकलेटाचं नाव. त्याचा अर्थ होतो 'विद्यार्थ्याचं चुंबन'. जुन्या काळी इथल्या पोरींबरोबर राखणीला कुणी बाई असायचीच, मग पोरं चॉकलेट देऊन मनातलं पोचवायची. राखण म्हणजे काय हे मला शनिवारी पुलावर चांगलंच कळलंय, म्हणून एक डबा मीही घेतला. तुम्हाला पाठवलेल्यातलं एक मामांनी आत्याबाईंना द्यावं. नाव सांगायची गरज नाही.

तुमची थोरली सून

ता. क. भाव काय निघाला ते कळवा, पण दहा किलोचाच लिहा. गेल्या खेपेला क्विंटलचा समजून ह्यांनी रात्रभर कूस बदलली. आणि आत्याबाई, एक पांढरं मलमलीचं फडकं पाठवा.